अंजनटोल्याचं बाळ

१

अंजनटोल्यात कुणी राहत नाही. तलाठ्याच्या दप्तरात ते गाव आहे, पण जमिनीवर एक पडकी विहीर, मोहाची काही झाडं आणि देवाचा एक दगड, एवढंच उरलंय. अशा ओसाड गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. माणसं केव्हाच उठून दुसरीकडे गेली. आता मोह पडला की तिथे आधी अस्वलं येतात आणि अस्वलांचं झालं की उरलेला मोह वेचायला आसपासच्या बाया येतात.

तर या अंजनटोल्यात एक मुलगी जन्मली आहे, असं आमचा कॉम्प्युटर म्हणत होता.

मी धनराज. चामोर्शीतल्या एका लहानशा आरोग्य संस्थेत औषधं देतो. आमची माणसं आठवडी बाजारात मंडप टाकून बसतात आणि बाजाराला आलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात. तो थेंब कागदाच्या पट्टीवर वाळवायचा, पट्टीवर नंबर घालायचा, तोच नंबर कॉम्प्युटरमधल्या फाइलीत चढवायचा आणि पट्टी नागपूरला पाठवायची. आमच्या भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे, त्याचीच ही तपासणी.

त्या सकाळी नागपूरहून अहवाल आला. आमच्या डॉक्टर नंदिनीबाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका बाळाला हा आजार दोन्हीकडून आला होता, आईकडून आणि बापाकडूनही. अशा बाळाला तीन महिन्यांच्या आत रोजचं औषध सुरू करायला हवं. नाही केलं तर एखादा साधा तापसुद्धा त्याला घेऊन जाऊ शकतो. केलं तर ते बाळ शाळेत जातं, भांडतं, वेळप्रसंगी नापासही होतं. औषधाची बाटली माझ्या कपाटात तयार होती. फक्त बाळ हवं होतं.

फाइलीतली ओळ अशी होती. बाळाचं नाव दुर्गा. आईचं नाव बुधरी. गाव अंजनटोला. जन्मतारीख फेब्रुवारीतली, ज्या बाजाराच्या दिवशी रक्त घेतलं त्याच दिवसाची. मग एक मोबाइल नंबर. आणि शेवटी ‘शेरा’ नावाच्या रकान्यात एकच शब्द, ‘टोपली’.

मी नंबर लावला. एका पुरुषाने उचलला.

“दुर्गाचे वडील का?”

“मी श्रावण बोलून राह्यलो, मुलचेऱ्याहून,” तो म्हणाला. “माझं लग्नच नाई झालं बाप्पा अजून. दुर्गा कोन?”

मी माफी मागितली. माणूस भला होता. फोन ठेवता ठेवता म्हणाला, “काई हरकत नाई. कधी गॅस भरायचा असन तं सांगजा, घरी येऊन भरून देतो.”

आमची शेगडी बरी चालली आहे असं सांगून मी फोन ठेवला. नसलेलं गाव, नसलेला बाप. डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, “वच्छलाबाईंना बोलवा.”

२

वच्छलाबाई रामटेके म्हणजे आमच्या तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी जगात आल्यावर पाहिलेला पहिला चेहरा. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पण घरी बसणं त्यांना जमलं नाही. आमच्याकडे मन होईल तेव्हा येतात. बुटक्या, गोल, आवाज मऊ, आणि पर्समध्ये कायम खाऱ्या फुटाण्यांची पुडी. कुणाकडून खरं काढायचं असलं की त्या आधी फुटाणे देतात. फुटाणे खाता खाता माणसाला नीट खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं मत आहे. तपासून पाहा, त्यात तथ्य आहे.

त्या येईपर्यंत विनोदही चंद्रपूरहून पहिल्या बसने येऊन धडकला होता. विनोद आमच्या फाइलीचा बाप. महिन्यातून एखाद्या वेळी येतो, फाइलीचा लाड करतो आणि शेवटच्या बसने परत जातो. पूर्वी आमच्या लोकांची सवय होती की नंबर लिहायचा आणि बाकी रकाने मोकळे ठेवायचे. म्हणून विनोदने त्या फाइलीत एक मॅक्रो लिहून ठेवला. मॅक्रो म्हणजे फाइलीच्या दारावर बसवलेला चौकीदार समजा. तुम्ही फाइल सेव्ह करायला किंवा बंद करायला गेलात की तो आधी सगळ्या ओळी बघून येतो. एकही आवश्यक रकाना रिकामा दिसला की तो रकाना पिवळा होतो आणि पाटी येते, ‘कृपया पिवळे रकाने भरा. तोपर्यंत फाइल बंद होणार नाही.’

लोकांनी रकान्यात आडवी रेघ मारायला सुरुवात केली. विनोदने रेघ बंद केली. लोकांनी बाळाच्या नावाच्या जागी ‘बाळ’ लिहिलं. त्याने ‘बाळ’ बंद केलं. आमचा ऑपरेटर कुलदीप ‘अजून नाही’ असं लिहू लागला, कारण पुष्कळ बाळांचं नाव खरंच ठरलेलं नसायचं. विनोदने तेही बंद केलं आणि डॉक्टरबाईंना अभिमानाने सांगितलं, “आता या फाइलीत अर्धवट काहीच राहू शकत नाही.” पोरगा मनाचा निर्मळ. त्याला त्या फाइलीइतकं कशाचंच कौतुक नव्हतं, आणि आम्हाला त्याचं.

आज मात्र तो लालबुंद झाला होता. “अंजनटोल्याच्या आशाताईला फोन केला का?” तो म्हणाला. “घरोघरी विचारायला सांगा तिला. आणि ही खोटी ओळ कुणी लिहिली ते मला आजच पाहिजे. फाइल उघडते कोण? कुलदीप आणि स्वाती. तिसरं कोणी नाही.”

कुलदीपने मान खाली घातली. वच्छलाबाईंनी विनोदकडे एकदा नीट बघितलं आणि पर्समधून पुडी काढली.

आधी स्वाती. ती आमची नर्स, हात हलका, बाळ रडायच्या आत पट्टी घेऊन मोकळी होते.

“पट्टी मीच घेतली बाई,” फुटाणे चावत ती म्हणाली. “नंबर माझ्याच अक्षरात हाय. पन दुर्गा नावाचं लेकरू मले आठवत नाई. अन् अंजनटोल्याची बाई कशी येईन? तिथी कुत्रं नाई राहत.”

“अन् बुधरी?”

“बुधरी तं ढीगभर हायेत आपल्या यादीत. लई लेकरं होती त्या दिवशी.”

“ओळ कोनं लिहिली मंग?”

“सुरू मी करते, बाई. कधी मी संपवते, कधी कुलदीप संपवते. ही त्यानंच संपवली असन. मी दुसऱ्या दिवसापासून गडचिरोलीले ट्रेनिंगले होती.”

मग कुलदीप. कुलदीप गेडाम बोलायला कमी, पण आज त्याला लागलं होतं. फुटाणे त्याने हातातच धरून ठेवले.

“मी समजत होतो स्वातीनं लिहिली,” तो म्हणाला. “अन् मी काऊन अंजनटोला लिहिन, बाई? माझा आजा तिथूनच उठून आला. तिथलं झाड न् झाड मले माहीत हाय. खोटंच लिहायचं असतं तं मले दुसरं गाव नोतं का?”

“खाय ते,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्याने एक तोंडात टाकला. “ज्यायच्या लेकरायचं नाव ठरलं नसते त्या बाया मंग काय करतात?”

“नाव ठरलं का बाजारात येऊन सांगतात. मी मंडपात लॅपटॉपवर फाइल पाहतो. नाव आधीच भरलं असन तं सांगतो, तुमचं झालं, जा.”

वच्छलाबाईंनी पुडीची घडी घातली. “दोघंही खरं बोलून राह्यले,” त्या मला म्हणाल्या. मला ते पटेना. ओळ काही आपोआप उगवत नाही.

३

“मले त्या खुर्चीत बसू द्या,” वच्छलाबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटरची खोली आमच्याकडे एकच. एका भिंतीला टेबल, टेबलासमोर खुर्ची, बाजूला लसींचा जुना फ्रिज, समोर कॅलेंडर. दारापलीकडे माझी औषधांची खोली. तिथे खिडकीत मी जुलाबावरच्या पुड्या ठेवतो. हल्लीच टेबलाखाली एक चांगली बांबूची टोपली सापडली होती, कड फाटलेली पण निळ्या प्लास्टिकच्या पट्टीने नीट विणून सांधलेली. पुड्या तिच्यात छान मावतात. हे सगळं मी उगाच सांगत नाही.

बाई खुर्चीत बसल्या. कुलदीपला म्हणाल्या, “एक नवी ओळ लिही. फक्त नंबर टाक. बाकी ठेव मोकळं.” त्याने टाकला. “आता बंद कर.”

पाटी आली. पिवळे रकाने चमकले.

“अन् मले बंदच करायचं हाय तं? बस सुटून राह्यली, पोट्टं घरी रडून राह्यलं, तं?”

“नाई होत बाई,” कुलदीप म्हणाला. “मेन स्विच बंद केला तं होते. पन दिवसभर लिहिलेलं सगळं जाते.”

“म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाई.” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि नुसत्या समोर बघत बसल्या. एखाद्या लग्नात जेवायची पंगत उठायची वाट बघावी तशा निवांत. मी चुळबुळत उभा होतो. मला सारखी ती बाटली दिसत होती आणि तिच्यावर अजून कुणाचं नाव नव्हतं.

“धनराजभाऊ,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “त्या कॅलेंडरवर काय लिहिलं हाय?”

“दुर्गा किराणा,” मी वाचलं आणि थबकलो.

“अन् फ्रिजच्या दारावर?”

फ्रिजच्या दारावर एक मळकी चिकटपट्टी होती. आम्ही रोज ते दार उघडतो, पण ती कधी वाचली नव्हती. मी वाकून वाचली. ‘श्रावण, फ्रिज दुरुस्ती, गॅस भरून मिळेल.’ खाली मोबाइल नंबर. सकाळी मी लावलेला.

“अन् गावाच्या यादीत पहिलं नाव कोनतं येते?”

कुलदीपने रकान्यावर क्लिक केलं. गावांची यादी खाली उघडली, अक्षरांच्या क्रमाने लावलेली. सगळ्यात वर अंजनटोला.

“आणि तारीख?” मी विचारलं.

“तारीख त्याच दिवसाची. जन्मल्या दिवशी लेकरू घेऊन बाजारात कोन येते, धनराजभाऊ? इतकी बाळंतपनं केली मी, अशी बाई नाई पाह्यली.” बाई खुर्चीतून उठल्या. “हे कोनाले फसवायले नाई लिहिलं. हे घरी जायले लिहिलं. इथी बसून जे दिसलं ते टाकलं अन् दार उघडून घेतलं.”

“पण कुणी?” मी म्हणालो.

“ते मले सकाळीच समजलं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “सांगायले मन होत नोतं. बोलवा सगळ्यायले.”

४

दुपारी सगळे त्या खोलीत जमले. डॉक्टरबाई दारात, स्वाती आणि कुलदीप भिंतीला टेकून, विनोद हात बांधून मध्ये. वच्छलाबाईंनी त्याला खुर्ची दिली.

“बस विनोदभाऊ. फुटाणे घे.”

तो बसला. घेतले, खाल्लेही.

“ही ओळ दोन हातांनी लिहिलेली हाय,” बाई म्हणाल्या. “काई रकाने भिंतीवरून आले, काई यादीतून. ते खोटे. पन बुधरी हे नाव या खोलीत कुठी लिहिलेलं नाई. ते खऱ्या आईचं हाय. अन् शेरा. विनोदभाऊ, शेरा भरलाच पायजे का?”

“नाही. तो रिकामा चालतो. तिथे मॅक्रो बघतच नाही.”

“मंग जो रकाना भरायची सक्ती नाई, तो कोनी घरी जायच्या घाईनं भरन का? तो खरा. म्हणजे स्वातीनं नंबर, आईचं नाव अन् शेरा लिहिला. बाकीचं राह्यलं. बाकीचं दुसऱ्यानं भरलं.”

स्वाती पुढे सरकली. “थांबा बाई. त्या दिवशी मी एक ओळ अर्धी ठेवून कुलदीपले शोधायले गेल्ती. त्या बाईजवळ मोबाइल नोता, अन् मोबाइल नंबर टाकल्याशिवाय फाइल बंद होईना, म्हणून बाकीचंही तसंच ठेवलं. म्हटलं त्याले विचारते, कोनाचा टाकू. तो गाडीत सामान भरून राह्यला होता. परत आली तं कॉम्प्युटरच बंद. मले वाटलं दुसऱ्या दारानं येऊन कुलदीपनंच केलं.”

“मी आत आलोच नाई,” कुलदीप म्हणाला.

“मोबाइलची अट कवापासून हाय?” बाईंनी विचारलं.

“त्याच दिवशी बसवली,” विनोद म्हणाला. “मीच. सकाळपासून इथे बसून...” आणि तो थांबला. त्याच्या हातातले फुटाणे तसेच राहिले.

फ्रिज घरघरत होता.

“स्वातीले माहीत हाय अंजनटोला रीठ हाय,” बाई हळूच म्हणाल्या. “कुलदीपले तं माहीतच हाय. आपल्या कोनालेही विचारा. सकाळी एकच मानूस म्हणाला, अंजनटोल्याच्या आशाताईले फोन करा.”

“ती यादी मी महसूलच्या कागदावरून उतरवली होती,” विनोद म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. “त्यात गाव होतं. मला कसं कळणार तिथे कोणी नाही? मी अट तपासायला दिवसभर खोट्या ओळी टाकून बघत होतो. टाकायच्या आणि पुसायच्या. उशिरा जेवायला गेलो, परत आलो तर शेवटची बस सुटायची वेळ, आणि फाइल बंद होईना. एक अर्धी ओळ राहिली होती. मला वाटलं माझीच आहे, चाचणीची. भरून टाकली. पुढच्या वेळी पुसू म्हटलं. मग डोक्यातूनच गेलं.” त्याने वर बघितलं. “बाई, मी सकाळपासून कुलदीपला बोलतोय.”

“तू खोटं बोलत नोता,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तुले आठवतच नोतं. म्हणून तं फुटाणे खाऊ शकला.”

विनोदने कुलदीपकडे बघितलं. कुलदीपने नुसता हात हलवला, राहू दे म्हणून. पण दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा उतरला.

“बाई,” तो म्हणाला, “दोन बाजारामागं एक बाई आल्ती. पोट्टीचं नाव सांगायले आली म्हणे. मी रक्त दिल्याचा बाजार अन् आईचं नाव विचारलं, बुधरी म्हणाली. फाइलीत त्या दिवशीची एकच बुधरी, अन् पोट्टीचं नाव भरलेलं, मी गाव पाह्यलंच नाई. मी म्हटलं, दुर्गा ना? लिहिलेलं हाय, जा. उभी राह्यली थोडा वेळ, अन् गेली.”

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. ती आली होती. आपल्या पायांनी मंडपापर्यंत आली होती आणि आम्ही तिला परत पाठवलं होतं, कारण फाइल पूर्ण होती.

“आता कुठी शोधायचं तिले?” स्वाती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “आता आठवते मले. गाव सांगतलं होतं तिनं, पन ते डोक्यात नाई राह्यलं. पोट्टीचं नाव ठेवलं नोतं. आत्यानं नाव ठेवावं लागते त्यायच्यात, अन् आत्या मिरची तोडायले तेलंगणात गेल्ती. मी म्हटलं, नाव ठरलं का नक्की येऊन सांगजा. तं तिनं जवळची वस्तू माझ्या हाती दिली. म्हणाली, हे ठेवून जाते, आता येनंच पडते मले.”

“कोनती वस्तू?” बाईंनी विचारलं, पण त्या स्वातीकडे बघत नव्हत्या. दारापलीकडे माझ्या खिडकीकडे बघत होत्या.

मी मुकाट्याने गेलो आणि जुलाबाच्या पुड्या एका खोक्यात ओतल्या.

५

बुधरी नावाच्या बाया शंभर गावांत. कितीतरी गावांत फोन लागत नाही. वच्छलाबाईंनी ठरवलं, आपण तिला शोधायला जायचं नाही, तिनेच आपल्याला शोधायचं. दुसऱ्याच दिवशी बाजार होता.

मंडपाच्या पुढच्या बांबूला, सगळ्यात उंच, आम्ही टोपली टांगली. निळ्या पट्टीची कड रस्त्याकडे केली. “आपली सांधलेली वस्तू बाईमानूस कुठूनही ओळखते,” बाई म्हणाल्या.

विनोद रात्री चंद्रपूरला गेलाच नव्हता. सकाळपासून तो टोपलीखाली उभा होता. बाजार भरला. चिंच आली, मोह आला, सुकी मासळी आली, मुलचेऱ्याकडे वसलेल्या बंगाली बाया भाजी घेऊन आल्या. लोक टोपलीकडे बघायचे, हसायचे, एकाने भावही विचारला. स्वाती पट्ट्या घेत होती, पण तिचं अर्धं लक्ष वर होतं. ऊन चढलं. मी औषधाची बाटली बर्फाच्या डब्यात घालून आणली होती आणि दर थोड्या वेळाने तो डबा उघडून बघत होतो, जसं काही ती बाटलीच पळून जाणार होती.

बाजार उतरणीला लागला तेव्हा विनोद माझ्याजवळ आला. “धनराजभाऊ, ती आता आलीच नाही तर?”

मी त्याला पाणी दिलं.

“ही टोपली आमची हाय,” मागून आवाज आला. “अशी काऊन टांगली?”

उंच, काटक बाई होती. हात तळव्यापासून मनगटापर्यंत लाल आणि सोललेले. मिरचीचे हात आमच्याकडे कुणीही ओळखतो.

“तुमची?” विनोद म्हणाला.

“माह्या भावाच्या बायकोची. ही पट्टी मीच विणली हाय.” तिने आमच्या सगळ्यांवर नजर फिरवली आणि ती नजर प्रेमाची नव्हती. “बुधरी येत नाई म्हणते इकडे. त्या दिवशी घरी येऊन रडत बसली. मी येईपर्यंत पोट्टीले नावानं कोनी हाक नाई मारली, माह्यासाठी थांबले सगळे. अन् तुमी आधीच नाव ठेवून मोकळे झाले म्हणे. कोन दुर्गा? आमच्या पोट्टीचं नाव ठेवनारे तुमी कोन?”

कुलदीप काही बोलणार होता, पण विनोदच पुढे झाला. “मी, आत्याबाई,” तो म्हणाला. “माझी चूक आहे. नाव तुमचंच राहील. पण पोरगी कुठे आहे?”

त्याच्या तोंडाकडे बघून ती जरा नरमली. “तिकडे चिंचेजवळ बसली हाय बुधरी. मंडपाकडे येत नाई म्हणते.”

वच्छलाबाई केव्हाच चालायला लागल्या होत्या.

६

पोरगी झोपली होती. गुटगुटीत, कपाळावर काजळाचा मोठा ठिपका, मूठ गच्च आवळलेली. जगात कुणाकुणाची झोप तिने उडवली होती याची तिला काही पर्वा नव्हती. बुधरी, वीस-बावीस वर्षांची असेल, आम्हा सगळ्यांना येताना बघून चिंचेच्या ढिगाआड सरकली.

वच्छलाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. आधी पुडी पुढे केली. मग हळूहळू आजाराचं सांगितलं, न घाबरवता आणि काही न लपवता. बुधरी ऐकत राहिली आणि तिने पोरीला छातीशी घेतलं. “जगन ना?” तिने एवढंच विचारलं.

“औषध रोज दिलं तं जगन,” बाई म्हणाल्या. “पन आधी सांग, जन्मली कवा?”

“मिरचीवाल्यायची गाडी गेली ना गावातून, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

आत्याने गाडी गेल्याची तिथी सांगितली. वच्छलाबाईंनी बोटांवर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

“हाय वेळ,” त्या म्हणाल्या. “तीन महिने नाई झाले अजून. धनराजभाऊ, आना ती बाटली.”

पहिला चमचा बाईंनी स्वतः दिला. पोरीने तोंड वाकडं केलं, अर्धं औषध थुंकायचा बेत केला आणि मग गिळलं. स्वाती रडत हसत होती. मी बर्फाचा डबा बंद केला आणि मला एकदम भूक लागली.

बुधरी मंडपात आली. विनोद लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने ती जुनी ओळ समोर घेतली आणि दुर्गा पुसलं, अंजनटोला पुसलं, श्रावणचा नंबर पुसला. “गाव?”

“कोसमघाट.”

“नाव?”

बुधरीने नणंदेकडे बघितलं. नाव सांगायचा मान तिचा होता.

“करिश्मा,” आत्या म्हणाली. “मिरचीच्या वावरात एक पोट्टी होती या नावाची. सुट्टीत मायसंगं तोडायले येत होती, अन् जेवनाच्या सुट्टीत झाडाखाली बसून पुस्तक वाचत होती. मले लई आवडली.”

विनोदने लिहिलं. मोबाइलचा रकाना रिकामाच होता. बुधरीकडे फोन नव्हता, आत्याकडेही नव्हता. रकाना पिवळा झाला आणि पाटी आली, तोपर्यंत फाइल बंद होणार नाही. विनोद त्या पाटीकडे बघत बसला. मग त्याने तिथेच, बाजाराच्या गोंगाटात, मॅक्रो उघडला आणि बराच वेळ काहीतरी पुसत आणि लिहीत राहिला. झाल्यावर त्याने कुलदीपला जवळ बोलावलं. त्या रकान्यात आता ‘अजून नाही’ लिहिलेलं होतं. फाइल मुकाट्याने बंद झाली. पुन्हा उघडली तेव्हा तो रकाना पिवळाच होता.

“असाच पिवळा राहील,” तो म्हणाला. “खरं मिळेपर्यंत. नावाच्या रकान्यालाही तसंच केलंय. म्हणजे पुन्हा कुणाला तुमचं झालं म्हणून परत पाठवायला नको. आणि कुलदीप, गावांची यादी तू तपासून दे. मी नुसती वाचली आहे, तू पाहिली आहेस.”

“देतो,” कुलदीप म्हणाला, आणि बाईंनी काल दिलेला एक फुटाणा खिशातून काढून विनोदच्या हातावर ठेवला.

आता जायची वेळ झाली. विनोद खुर्चीवर चढला, टोपली सोडवली, फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांनी बुधरीला दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली. निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग पोरगी कडेवर सारखी केली आणि टोपली परत टेबलावर ठेवली.

“न्या ना,” विनोद म्हणाला. “तुमचीच आहे.”

“औषध संपलं का यावंच लागन ना मले,” बुधरी म्हणाली. “राहू द्या इथीच.”

ती आणि तिची नणंद चिंचेकडे निघून गेल्या. विनोदने पुन्हा लॅपटॉप उघडला. शेऱ्याच्या रकान्यात स्वातीने लिहिलेला तो एक शब्द तसाच होता. त्याला त्याने हात लावला नाही.

माझ्या पुड्या अजून खोक्यातच आहेत.